शेवाळ, उन्हाळा आणि कोरल : खाऱ्या टाकीचे प्रश्न

खाऱ्या टाकीबद्दल, म्हणजे समुद्री मासे आणि कोरल (प्रवाळ) ठेवलेल्या काचेच्या टाकीबद्दल, उन्हाळ्याच्या तोंडावर आलेल्या प्रश्नांचा रोख मुख्यतः दोन गोष्टींकडे आहे : दगडांवर वाढणारं शेवाळ आणि तापणारं पाणी. सोलापुरात या दोन्हींचा माग काढत गेलं की बहुतेक वेळा आपण एकाच ठिकाणी पोचतो, ते म्हणजे टाकीत रोज ओतलं जाणारं पाणी. म्हणून पहिल्या दोन उत्तरांना जास्त जागा दिली आहे. वेगळा उल्लेख नसेल तिथे आकडे १५० लिटर पाण्याच्या टाकीचे आहेत. आपल्या टाकीच्या मापाने ते कमीजास्त करून घ्यावेत.

प्रश्न : माझी तीन फुटी टाकी आठ महिन्यांची आहे, पाणी साधारण १५० लिटर. दोन क्लाउनफिश आणि एक डॅमसेल हे मासे, झोअँथिड आणि मशरूम हे मऊ कोरल आहेत. दगडांवर दोन बोटं लांब, केसांसारखं हिरवं शेवाळ आलं आहे. ओढून काढलं तरी पंधरवड्यात परत येतं. झोअँथिड आता नीट उमलत नाहीत. नायट्रेट १० पीपीएम येतं, फॉस्फेट मात्र शून्य. पाणी घरच्या आरओचं, टीडीएस (विरघळलेले क्षार) ६०. दिवा अकरा तास चालू असतो. दुकानदार शेवाळ मारायचं औषध घाला म्हणतात. घालू का? (एक वाचक, जुळे सोलापूर)

औषध घालू नका. बाजारात मिळणारी बहुतेक शेवाळनाशकं गोड्या पाण्यासाठी असतात आणि त्यांपैकी अनेकांत तांबं असतं. मासे थोडंफार तांबं सोसतात. गोगलगायी, झिंगे आणि कोरल यांना ते अगदी थोडंही चालत नाही. शिवाय तांबं दगडांत आणि वाळूत मुरतं आणि पुढे कित्येक महिने हळूहळू पाण्यात सुटत राहतं.

आता फॉस्फेट शून्य का दिसतं ते पाहू. तपासणीचं किट पाण्यात विरघळलेलं फॉस्फेट, म्हणजे शेवाळाचं अन्न, मोजतं. तुमच्याकडे ते पाण्यात येताच शेवाळ उचलून घेतं, म्हणून किटपर्यंत काही पोचतच नाही. दोन बोटं लांब शेवाळ हाच फॉस्फेट भरपूर येत असल्याचा पुरावा आहे. प्रश्न एवढाच उरतो की ते येतं कुठून. तुमच्या पत्रावरून तीन वाटा दिसतात : पाणी, खाद्य आणि दगड-वाळूत साठलेला गाळ.

पाण्यापासून सुरुवात करा. घरगुती आरओ पिण्याच्या पाण्यासाठी बनवलेला असतो, त्यामुळे मेम्ब्रेनने (क्षार अडवणाऱ्या पडद्याने) गाळलेल्या पाण्यात चव यावी म्हणून पुढे परत काहीतरी मिसळलं जातं. यंत्राचं झाकण उघडून मेम्ब्रेनच्या नळकांडीतून निघणारी बारीक पांढरी नळी शोधा. तिच्या पुढे बहुतेक यंत्रांत एक छोटा स्क्रू असलेला टीडीएस कंट्रोलर असतो. तो न गाळलेलं पाणी थोडं थोडं शुद्ध पाण्यात सोडतो. त्यानंतर मिनरलचं कार्ट्रिज असतं. आणि हल्ली अनेक यंत्रांत तांब्याचं कार्ट्रिजही असतं. जे औषध घालू नका म्हणून वर सांगितलं, त्यातलं तांबं या वाटेने रोज टाकीत जात असेल. झोअँथिड मिटून राहण्याचं ते एक कारण असू शकतं, म्हणून हे आधी तपासा.

टाकीचं पाणी मेम्ब्रेननंतर लगेच टी-जॉइंट लावून घ्यावं, कंट्रोलर आणि कार्ट्रिजांच्या अलीकडे. त्यावर डीआय रेझिनचं, म्हणजे उरलेसुरले क्षार शोषणाऱ्या मण्यांचं, एक वेगळं कार्ट्रिज बसवा. चांगलं मेम्ब्रेन साधारण ९५ टक्के क्षार अडवतं. म्हणजे बोअरच्या पाण्याचा टीडीएस १००० असेल तर मेम्ब्रेननंतरही ५० उरतो. उरलेलं काम डीआय करतं आणि मीटर शून्य दाखवतो. आपल्याकडे काळ्या दगडातून आलेल्या बोअरच्या पाण्यात सिलिका असते. काचेवर आणि वाळूवर तपकिरी धूळ बसते ती डायटम या सूक्ष्म शैवालांची, आणि त्यांना कवचासाठी सिलिकाच लागते. उजनीच्या पाण्याची अडचण वेगळी : पुणे-पिंपरीकडचं सांडपाणी भीमेतून धरणात उतरतं, त्यामुळे त्या पाण्यात नायट्रेट-फॉस्फेट असायचंच. पाणी नळाचं असो, टँकरचं असो की बोअरचं, डीआयशिवाय खाऱ्या टाकीत जाऊ देऊ नये असं आमचं स्पष्ट मत आहे.

दोन बारकावे. यंत्र बरेच तास बंद राहिल्यावर मेम्ब्रेनच्या शुद्ध बाजूलाही क्षार झिरपतात. म्हणून सुरू केल्यावर पहिल्या दोन-तीन मिनिटांचं पाणी बादलीत सोडून द्या, डीआय जास्त टिकतं. आणि डीआय संपत आलं की सगळ्यात आधी सिलिका निसटते, मीटर तेव्हाही शून्य किंवा एक दाखवत असतो. रंग बदलणारं रेझिन घेतलं असेल तर पाऊण कार्ट्रिजचा रंग बदलला की नवं भरा, मीटर वर चढण्याची वाट पाहू नका.

खाद्य : तीन लहान माशांना दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल इतकंच. गोठवलेलं खाद्य वितळलं की चहाच्या गाळणीत घेऊन आरओच्या पाण्याने धुवा आणि मगच घाला. त्या पाण्यातच बरंच फॉस्फेट असतं.

आता साफसफाई. वेव्हमेकर (टाकीतलं पाणी हलतं ठेवणारं यंत्र) आणि पंप बंद करा. १२ मिलिमीटरची नळी घ्या, तिच्या तोंडाला जुना टूथब्रश रबर बँडने बांधा आणि दुसरं टोक बादलीत. ब्रशने शेवाळ मुळापासून खरवडायचं आणि ते सुटताक्षणी नळीने ओढून घ्यायचं. नुसतं ओरबाडून पाण्यात सोडलं तर प्रत्येक तुकडा नवीन जागी रुजतो. तुमचं शेवाळ पंधरवड्यात परत येतं त्यामागे हेही असणार. एका वेळी एक तृतीयांश दगडच करा. २० लिटर पाणी निघालं की थांबा आणि तेवढंच ताजं खारं पाणी भरा. आठवड्याने पुढचा भाग. वाळू सायफन करायची तर एका वेळी पाव भाग. खोल, जुनी वाळू एकदम ढवळली तर खाली कोंडलेला सडक्या अंड्याच्या वासाचा वायू आणि साठलेला गाळ एका दमात वर येतो आणि मासे गुदमरतात.

शेवाळ काढल्यावर किटवर फॉस्फेट दिसू लागेल. घाबरू नका, आता कुठे आकडा खरा दिसतो आहे. ०.१ पीपीएमच्या वर गेलं तर लोहाचं फॉस्फेट-शोषक माध्यम, ज्याला जीएफओ म्हणतात, पाकिटावरच्या अर्ध्या मात्रेने सुरू करा. पूर्ण मात्रा एकदम घातली तर फॉस्फेट दोन दिवसांत तळाला जातं आणि कोरल त्या धक्क्याने मिटतात, काही वेळा विरघळतात. लक्ष्य ०.०३ ते ०.०८ ठेवा, शून्य नको. नायट्रेट ५ च्या आसपास असलं की पुरे.

दिवा आठ तास. पाच-सहा छोट्या जातीचे टर्बो आणि आठ-दहा सेरिथ गोगलगायी सोडा. मात्र त्या आखूड शेवाळ खातात, लांब केस त्यांना चावता येत नाहीत, म्हणून आधी हाताने सफाई आणि मग गोगलगायी. संप, म्हणजे मुख्य टाकीला जोडलेली खालची छोटी टाकी, असेल तर त्यात मूठभर कीटोमॉर्फा हे हिरवं शेवाळ ठेवा आणि त्याचा दिवा रात्री लावा. टाकीतलं शेवाळ जे अन्न खातं तेच हे खाईल, आणि रात्री पीएच घसरतो तोही सावरेल. दर पंधरवड्याला अर्धा गोळा काढून टाका. तो काढला तरच पोषक द्रव्यं टाकीबाहेर जातात.

दोन-अडीच महिने लागतील. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात काहीच फरक दिसत नाही असं वाटेल. त्या वेळी औषधाची बाटली आणू नका.

एक अपवाद सांगून ठेवतो. शेवाळ केसांसारखं नसून पिसासारखं, मधोमध देठ आणि दोन्ही बाजूंना बारीक फाटे असं असेल तर ते ब्रायोप्सिस. ते गोगलगायी खात नाहीत आणि फॉस्फेट कमी करूनही हटत नाही. छंदातले लोक त्यावर फ्लुकोनाझोल वापरतात, लिटरमागे सुमारे ५ मिलिग्रॅम, फिल्टरमधला कार्बन (तो औषध शोषून घेतो) काढून ठेवून दोन ते तीन आठवडे. हे माणसांचं औषध आहे, चिठ्ठीशिवाय घेऊ नये. भिंगाखाली पिसासारखी रचना दिसल्याची खात्री झाल्याशिवाय तो मार्ग धरू नका.

प्रश्न : एप्रिलपासून दुपारी टाकी ३१ अंशांवर जाते. लेदर कोरलचा रंग उतरतो आहे, झोअँथिड फिकट झाले. चिलर परवडत नाही. पंखा लावला तर पाणी फार उडतं. वीज गेली की काय करावं तेही सांगा. (एक वाचक, होटगी रोड)

कोरलचा रंग हा बराचसा त्याच्या अंगात राहणाऱ्या सूक्ष्म शैवालाचा असतो. तेच त्याला उजेडातून अन्न करून देतं. पाणी दिवसेंदिवस ३० च्या वर राहिलं की ही भागीदारी मोडते, कोरल ते शैवाल बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. पांढरं पडलेलं कोरल मेलेलं नसतं, उपाशी असतं. म्हणून आजच दिव्याचा जोर ३० ते ४० टक्के कमी करा आणि रंग परतल्यावर आठवड्याला ५ टक्के या गतीने वाढवा. या काळात शेवाळावरचे कोणतेही उपाय सुरू करू नका.

पंखा लावाच. मुंबईच्या दमट हवेत जो पंखा जेमतेम एक-दोन अंश उतरवतो, तोच सोलापूरच्या कोरड्या एप्रिल-मेमध्ये तीन-चार अंश सहज उतरवतो. बारा व्होल्टचे दोन छोटे पंखे पृष्ठभागावर तिरपे बसवा, वारा पाण्यावरून घासून गेला पाहिजे. काचेचं झाकण काढा, त्याजागी मच्छरदाणीची जाळी चौकटीवर ताणून बसवा. वाफ जाते आणि मासे उडी मारून बाहेर पडत नाहीत. पंख्यांना तापमान नियंत्रक जोडा : २७ ला सुरू, २६ ला बंद. खोलीत कूलर चालत असेल तर हवा दमट होते आणि टाकीच्या पंख्याचा जोर थोडा कमी पडतो, पण खोली थंड झाल्याचा फायदा त्याहून मोठा असतो. कूलर बंद करू नका. फक्त खिडकी थोडी उघडी ठेवा.

पाणी उडतं, ही तुमची तक्रार रास्त आहे आणि खरा धोका तिथेच आहे. पाणी उडतं, मीठ मागेच राहतं. रोज ५ लिटर गेले आणि तीन दिवस भर घातली नाही तर १५० चे १३५ लिटर होतात आणि ३५ ची क्षारता (हजार भागांत ३५ भाग क्षार) ३९ वर पोचते. कोरल उन्हाने मिटलं असं आपण समजतो, पण अनेकदा ते मिठाने मिटलेलं असतं. भर नेहमी गोड्या, डीआयच्या पाण्याने घालायची, खाऱ्या पाण्याने कधीही नाही. आणि इथेच पहिल्या उत्तराचा संबंध लागतो : रोज ५ लिटर म्हणजे महिन्याला टाकीभर पाणी. ते ६० टीडीएसचं असेल तर त्यातलं सगळं टाकीतच साठत जातं. उन्हाळ्यानंतर शेवाळ का उसळतं, त्याचं हे मोठं कारण आहे.

भर आपोआप पडण्यासाठी संपमध्ये फ्लोट व्हॉल्व्ह बसवा आणि वर डबा ठेवा. डबा १५ लिटरपेक्षा मोठा नको. फ्लोट अडकून सगळा डबा एकदम रिकामा झाला तरी क्षारता ३२ च्या आसपास थांबते. ५० लिटरचा पिंप जोडला तर टाकी जाते. फ्लोटवर मिठाचे खडे जमतात, दर रविवारी कोमट पाण्याने पुसा.

अचानक तापमान चढलं तर बर्फाची बाटली कामाला येते. लिटरभराच्या बाटलीत आरओचं पाणी, वर दोन बोटं जागा ठेवून गोठवा आणि बंद बाटलीच तरंगत सोडा. एक बाटली पूर्ण वितळताना १५० लिटर पाणी साधारण पाऊण अंशाने उतरवते. तासाला एकच बाटली.

वीज गेली की पहिला क्रमांक पाण्याच्या हालचालीचा. गरम पाण्यात प्राणवायू आधीच कमी मावतो आणि पाणी थांबलं की तो तासाभरात खाली येऊ लागतो. इन्व्हर्टरवर फक्त १० ते १५ वॅटचा एक वेव्हमेकर जोडा, तोंड पृष्ठभागाकडे. घरातले दोन दिवे कमी लावले तरी तो रात्रभर चालेल. त्यानंतर पंखा. स्किमर (फेसाबरोबर घाण काढणारं यंत्र) आणि दिवे नकोत. इन्व्हर्टर नसेल तर बॅटरीवरचा एअर पंप घेऊन ठेवा आणि सेल दर दोन महिन्यांनी तपासा.

आणि त्या खोलीत डासांची लिक्विड मशीन किंवा कॉइल नको. त्यातली द्रव्यं मासे आणि झिंगे यांना फार विषारी असतात, आणि टाकीचा एअर पंप खोलीतली हवाच पाण्यात सोडत असतो.

प्रश्न : आम्ही सुट्टीत कोकणात जातो. येताना दोन कॅन समुद्राचं पाणी आणलं तर मिठाचा खर्च वाचेल का? खडे मीठ चालतं का? (एक वाचक, बार्शी)

दोन्ही नको. किनाऱ्याजवळच्या पाण्यात खाडीचं गोडं पाणी, सांडपाणी, बोटींचं तेल काय मिसळलं आहे ते कळत नाही, आणि बंद कॅनमध्ये दिवसभर उन्हात प्रवास करताना त्यातले सूक्ष्म जीव मरून सडतात. खडे मीठ म्हणजे जवळजवळ नुसतं सोडियम क्लोराइड. कोरलला लागणारं कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि अल्कलिनिटी (पीएच स्थिर ठेवणारे कार्बोनेट क्षार) त्यात नसते.

खडे मिठाचा नाही, पण साध्या कोरड्या मिठाचा एक उपयोग मात्र आहे. क्षारता मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर नुसत्या आरओच्या पाण्यावर शून्य लावून भागत नाही, ३५ वर तो तरीही चुकू शकतो. छोट्या डिजिटल काट्यावर ३६.५ ग्रॅम मीठ आणि ९६३.५ ग्रॅम डीआयचं पाणी मोजून मिसळा. हे द्रावण ३५ दाखवलं पाहिजे. न दाखवल्यास स्क्रू फिरवून तिथे आणा. महिन्यातून एकदा हे करावं.

प्रश्न : टाकी दीड वर्षाची. पाणी अगदी शुद्ध ठेवतो, नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्य. तरी महिनाभर वाळूवर आणि कोरलवर तपकिरी चिकट तारा येतात, त्यांत बुडबुडे अडकतात. सकाळी कमी, संध्याकाळी भरपूर. पाणी बदललं की आणखी वाढतं. तीन गोगलगायी मेल्या. (एक वाचक, विजापूर रोड)

तुमचं दुखणं पाणी घाण असल्याचं नाही, पाणी रिकामं असल्याचं आहे. वर्णनावरून हे डायनोफ्लॅजेलेट्स नावाचे सूक्ष्म जीव, थोडक्यात डायनो, वाटतात. हिरवं शेवाळ, जिवाणू, कीटोमॉर्फा यांना जगायला थोडं नायट्रेट-फॉस्फेट लागतं. ते शून्यावर गेलं की ही मंडळी मागे पडतात आणि जागा डायनोंना मिळते. पाणी बदलल्यावर वाढतं त्याचं कारणही हेच. गोगलगायी मरतात कारण काही जाती विष तयार करतात.

खात्री करून घ्या. थोडा चिकटा पाण्यासह बाटलीत घ्या, मिनिटभर जोरात हलवा, कॉफी फिल्टरमधून किंवा दुमडलेल्या टिश्यूतून गाळा आणि गाळलेलं पाणी तासभर दिव्याखाली ठेवा. परत तारा जुळून आल्या तर डायनो. लाल-जांभळा, चादरीसारखा एका तुकड्यात उचलला जाणारा थर असेल तर ते सायनोबॅक्टेरिया, त्याचा उपाय वेगळा : सायफन करून काढणं आणि तिथला प्रवाह वाढवणं. ओळखीत कुणी शाळेत किंवा कॉलेजात शिकवत असेल तर एक थेंब ४०० पट सूक्ष्मदर्शकाखाली पाहून घ्या. थेंबासारखा, एका टोकाला निमुळता आकार आणि एका बिंदूभोवती गिरक्या घेणारे पेशी दिसले तर ऑस्ट्रिऑप्सिस. हे रात्री वाळू सोडून पाण्यात येतात, त्यामुळे यूव्ही स्टरिलायझर (अतिनील दिव्याजवळून पाणी फिरवणारं यंत्र) त्यांच्यावर चांगला चालतो. यूव्हीचं पाणी संपमधून नव्हे, थेट टाकीतून घेऊन टाकीतच सोडावं. लंबगोल, वाळूतच रेंगाळणारे दिसले तर ते अँफिडिनियम असण्याची शक्यता जास्त, आणि त्यांना यूव्ही फारसा लागू पडत नाही.

दोन्हींत पाया एकच. जीएफओ काढा. पाणी बदलणं महिनाभर थांबवा, फक्त भर घाला. स्किमर अर्धा वेळ चालवा. माशांचं खाद्य वाढवून, आणि तेवढ्याने भागलं नाही तर मत्स्यटाकीसाठी मिळणारी नायट्रेट-फॉस्फेटची द्रावणं घालून, नायट्रेट ५ ते १० आणि फॉस्फेट ०.०५ ते ०.१ वर आणा. रोज मोजा, कारण सुरुवातीला दगड फॉस्फेट शोषून घेतात आणि संध्याकाळचं ०.०८ सकाळी परत शून्य होतं. हळूहळू काचेवर हिरवी झाक आली की समजा, पारडं फिरलं.

तीन दिवसांचा अंधार हा उपाय वारंवार सांगितला जातो. तो जोडीला चालतो, पण मरणारे पेशी प्राणवायू खातात, म्हणून त्या काळात एअर पंप आणि ताजा कार्बन हवाच. आकडे न वाढवता नुसता अंधार केला तर आठवड्याने सगळं पूर्ववत.

प्रश्न : हॅना कंपनीच्या फॉस्फरस चेकरवर ३५ आकडा येतो. म्हणजे फॉस्फेट ३५ पीपीएम? (एक वाचक, पंढरपूर)

नाही. ७३६ क्रमांकाचं ते यंत्र फॉस्फेट नव्हे, फॉस्फरस मोजतं आणि तेही पीपीबीत (अब्जात किती भाग). आकड्याला ३.०६६ ने गुणा आणि १००० ने भागा : ३५ म्हणजे ०.११ पीपीएम फॉस्फेट. थोडं जास्त आहे, घाबरण्यासारखं नाही. काचेच्या कुपीवर बोटाचा ठसा राहिला तरी आकडा बदलतो. शून्य लावताना आणि मोजताना, दोन्ही वेळा मऊ कापडाने पुसून, एकाच बाजूने बसवा.

प्रश्न : अल्कलिनिटी दोन आठवड्यांत ८.५ वरून ७ डीकेएचवर (अल्कलिनिटीचं माप) येते. खायचा सोडा चालेल का? चुन्याची निवळीही घालतात असं ऐकलं, मग पानाचा चुना वापरू का? (एक वाचक, अक्कलकोट)

खायचा सोडा चालतो. तो साधा सोडियम बायकार्बोनेट हवा. बेकिंग पावडर किंवा पापडखार नको. १०० लिटरला १ डीकेएच चढवायला ३ ग्रॅम लागतात. तुम्हाला १५० लिटरमध्ये दीड चढवायचं आहे, म्हणजे पावणेसात ग्रॅम. अर्धा लिटर डीआयच्या पाण्यात विरघळवून, दोन दिवसांत विभागून, वेव्हमेकरच्या प्रवाहात हळूहळू ओता. एका दिवसात १ पेक्षा जास्त चढवू नये.

पानाचा चुना नको, त्यात काय काय मिसळलेलं असतं ते कळत नाही. निवळी करायची तर शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड आणा. लिटरला दीड ग्रॅम टाकलं की पाणी जवळजवळ संपृक्त होतं. हलवा, रात्रभर झाकून ठेवा, वरचं नितळ पाणीच घ्या, तळाचा गाळ नाही. ही निवळी डोळ्यांत गेली तर भाजते, हातमोजे आणि चष्मा घाला.

आता सोलापूरच्या भागातला धोका नीट वाचा. भरीच्या डब्यातच निवळी भरा असा सल्ला सर्रास दिला जातो. संपृक्त निवळीचा एक लिटर १५० लिटर टाकीत पाऊण डीकेएच चढवतो. पावसाळ्यात दिवसाला एक लिटर उडत असेल तर ते निभतं. मे महिन्यात पंख्याखाली ५ लिटर उडतात; म्हणजे एका दिवसात जवळजवळ ४ डीकेएच, पीएच ८.६ च्या वर, आणि सगळं पाणी दुधासारखं पांढरं. निवळी भरीपासून वेगळी ठेवा. मेडिकलमधून सलाईनचा नवा, कोरा सेट आणा. अर्धा लिटर निवळी रात्री दिवा बंद झाल्यावर मिनिटाला २० थेंब या गतीने सोडा, आठ तासांत संपते. दोन दिवसांनी अल्कलिनिटी मोजा आणि मात्रा त्यावरून ठरवा. तुमची घट रोज ०.१ डीकेएचच्या आसपास आहे, तेव्हा आठवड्यातून दोन रात्री पुरतील.

प्रश्न : शेवाळाला कंटाळून दगड काढून उकळायचं ठरवलं आहे. त्यावर थोडे झोअँथिड चिकटलेले आहेत, ते मेले तरी चालतील. किती वेळ उकळावं? (एक वाचक, अशोक चौक)

कृपया उकळू नका. झोअँथिड आणि पॅलिथोआ यांच्या अंगात पॅलिटॉक्सिन असू शकतं. ते अतिशय जहाल विष आहे आणि उकळल्याने नाहीसं होत नाही. वाफेबरोबर ते श्वासात जातं. असे दगड घरात उकळल्याने अख्खी कुटुंबं दवाखान्यात दाखल झाल्याच्या घटना परदेशात नोंदल्या गेल्या आहेत. गरम पाण्याचा फवारा मारणं किंवा कोरडा दगड घासणंही तितकंच वाईट.

दगड स्वच्छच करायचा तर हातमोजे आणि चष्मा घालून, झोअँथिड असलेला भाग पाण्याखालीच छिन्नीने वेगळा करा. बाकीचा दगड काळ्या झाकणाच्या पिंपात खाऱ्या पाण्यात, पंप लावून, सहा ते आठ आठवडे अंधारात ठेवा. उजेड नसला की शेवाळ मरतं, दगडातले उपयोगी जिवाणू जगतात. हाताला जखम असेल तर टाकीत हात घालू नका. दगड हाताळल्यावर तोंडाला कडू-धातूसारखी चव आली, धाप लागली किंवा स्नायू दुखू लागले तर लगेच डॉक्टरांकडे जा आणि पॅलिटॉक्सिनचं नाव सांगा.

प्रश्न : एक विक्रेता रामेश्वरमचं मेंदू कोरल आणि समुद्रातला दगड स्वस्तात देतो आहे. वाळू साफ करायला समुद्रकाकडीही देतो म्हणतो. घ्यावं का? (एक वाचक, सात रस्ता)

घेऊ नका, तिन्हींतलं काहीही नाही. आपल्या समुद्रातले सगळे कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून आहेत. समुद्रकाकडीही त्यात आहे. 'समुद्रातला दगड' म्हणून मिळतो तो बहुतेकदा मेलेल्या प्रवाळाचा सांगाडाच असतो आणि तोही या संरक्षणात येतो. शिक्षा तीन ते सात वर्षांची. मन्नारच्या आखातात काय आणि आपल्या मालवणच्या सागरी अभयारण्यात काय, एक मेंदू प्रवाळ डोक्याएवढा व्हायला कित्येक वर्षं जातात. तो फोडून सोलापूरच्या उन्हाळ्यात काचेच्या टाकीत आणला तर फार दिवस जगत नाही. विक्रेत्याला हे नक्की माहीत असतं.

दगडासाठी सच्छिद्र सिरॅमिक किंवा साच्यात केलेला कोरडा दगड घ्या. त्यावर जिवाणू दीड-दोन महिन्यांत बसतात. कोरल मशरूम, झोअँथिड, लेदर, झेनिया यांसारखे मऊ जातीचे आणि कुणाच्या तरी टाकीत वाढवून कापलेले घ्या. परदेशातून आलेलं कठीण कोरल कुणी देऊ केलं तर साइट्स या आंतरराष्ट्रीय वन्यजीव-व्यापार कराराचा परवाना आणि आयातीचे कागद हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका.

प्रश्न : लेदर कोरल पाच दिवस मिटलेलं आहे आणि त्यावर मेणासारखी चकचकीत साय आली आहे. बाकी सगळे ठीक. औषधात बुडवू का? (एक वाचक, होटगी रोड)

नको. ते कात टाकतं आहे. अंगावर बसलेलं शेवाळ आणि गाळ झटकण्याची त्याची ही पद्धत आहे, आठवडा-दहा दिवस चालते. वेव्हमेकरचा झोत थोडा त्याच्या बाजूला वळवा म्हणजे साय सुटायला मदत होईल. सुटलेले तुकडे शेजारच्या झोअँथिडवर पडू न देता सायफनने उचला. हाताने सोलू नका. पंधरा दिवस उलटूनही मिटलेलं राहिलं, किंवा बुंध्यावर मऊ तपकिरी डाग पडून वास येऊ लागला, तर मात्र डागाच्या वर निरोगी भागातून धारदार ब्लेडने कापा आणि वरचा तुकडा दगडाला रबर बँडने सैल बांधून मंद प्रवाहात ठेवा.